मागच्या सीटखालचा नंबर

सोमवार, ८ फेब्रुवारी २०१६

सुरभीचं म्हणणं, मी घरी आलो की तोंडाला कुलूप लावतो. ती दिवसभर फार्मसीत लोकांचे आजार ऐकून येते आणि घरी नवरा मुका. बोलत नाहीस तर निदान लिही तरी, म्हणाली. म्हणून वर्कशॉपमधून एक जुनी जॉब-बुक उचलून आणली. कडा ग्रीसने काळ्या, आतली पानं कोरी. मुहूर्त वगैरे आम्ही पाहत नाही. आज वाइतांगीची, म्हणजे इथली राष्ट्रीय सुट्टी आहे, एवढंच.

बाबांना येऊन तीन आठवडे झाले. गेल्या जूनमध्ये आई गेली, तेव्हापासून ते परभणीच्या घरात एकटेच होते. पोलिसात चौतीस वर्षं ड्रायव्हर. इथे त्यांना चालवायला काही नाही. जुईला शाळेत सोडतात, परत येताना डेअरीतून दूध आणतात आणि खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघतात. जुई पहिलीतून दुसरीत गेली. आजोबा मराठीत विचारतात, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचं बरं चाललंय. माझ्याशी मात्र त्यांचं बोलणं हवामानाच्या पुढे जात नाही. आईच सगळं बोलायची.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

गाडीबद्दल लिहून ठेवतो, कारण हे वर्ष तीच खाणार आहे.

१९५० सालची जर्मन पोलीस गाडी. खालून बीटल, वरून उघडी, चार माणसांची. तिला दरवाजे नाहीत. दरवाजांच्या जागी ताडपत्रीचे पडदे आहेत, बटणांनी लावायचे. पोलिसांना पटकन उड्या मारता याव्यात म्हणून तशी सोय. हॅम्बर्गहून आलेल्या एका माणसाने ती बोटीने इथे आणली आणि वायकाटोत एका गोठ्यात मरायला ठेवली. त्यात चाळीस वर्षं कोंबड्या अंडी घालत होत्या. ग्रॅहमला ती मिळाली तेव्हा तो आठवडाभर शिट्टी वाजवत होता.

ग्रॅहम म्हणजे माझा मालक. न्यू लिनमध्ये त्याचं जुन्या गाड्यांचं वर्कशॉप. मी विद्यार्थी म्हणून आलो त्या वर्षी सतरा गॅरेजांनी मला ‘आम्ही कळवू’ म्हटलं होतं. अठरावा ग्रॅहम. त्याने हातात पाना दिला आणि समोरचं चाक उघडायला सांगितलं, बस्स.

गिऱ्हाईक पोरिरुआचं, ब्रायन नावाचा निवृत्त पोलीस. तो देशोदेशीच्या पोलीस गाड्या जमवतो. त्याची अट एकच: चेसिस मूळ हवी. बाकी पत्रा, रंग, हूड नवं चालेल.

आज फरशीला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला.

शनिवार, ५ मार्च

बाबांना वर्कशॉप दाखवायला नेलं. वाटलं होतं, पोलीस गाडी म्हटल्यावर खूश होतील. ते जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालूनच निघाले होते, मीच बूट घालायला लावले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, हात पाठीमागे. मग विचारलं, “ह्यात आरोपीला कुठं बसवायचे?”

मी म्हटलं, मागेच बसवत असतील.

“दरवाजा नाही. उडी मारून पळंल की.”

ग्रॅहमला भाषांतर करून सांगितलं, तो खो खो हसला. सीट अजून लावलेली नव्हती, तरी त्याने एक स्टूल गाडीत ठेवलं आणि बाबांना बसायची खूण केली. “कम ऑन, ऑफिसर!” बाबांनी नमस्कार केला आणि बाहेरच उभे राहिले. मला राग आला. माझं काम त्यांच्या पसंतीला उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. इंजिनीअर करायला निघाले होते, पोरगं निघालं मेकॅनिक. पण घटकाभर बसायला काय जात होतं?

गुरुवार, १४ एप्रिल

आज बाबासाहेबांची एकशे पंचविसावी जयंती. हॉलमधला कार्यक्रम रविवारी आहे, म्हणून सकाळी घरीच वंदना घेतली. टीव्हीच्या शेल्फवर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, समोर मेणबत्ती, सुरभीने खीर केली होती. बाबा घरात वडीलधारे म्हणून त्यांनी सांगायचं, आम्ही मागून म्हणायचं. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं, आणि एकदम पाचवं.

जुईने डोळे उघडले. “आजोबा स्किप्ड वन.”

चौथं शील, खोटं न बोलण्याचं. तेवढंच गळलं. मी आठवण करून दिली. “हां हां,” म्हणाले, आणि मेणबत्तीची वात सरळ करत बसले. ती सरळच होती.

या माणसाने माझ्याकडून पाळण्यात पंचशील पाठ करून घेतलंय. आईच्या शेवटच्या वर्षात ती म्हणायची, यांच्याकडे लक्ष ठेव. तेव्हा मला वाटलं होतं, बीपीबद्दल बोलते आहे.

बुधवार, २० एप्रिल

फरशी वाचत नाही. मधला बोगदा, म्हणजे चेसिसचा मधून जाणारा लांबट उंचवटा, तोही गेला. चेसिस नंबर त्या बोगद्यावरच मारलेला असतो, मागच्या सीटखाली, आणि नंबराची वीतभर पट्टी तेवढी शाबूत आहे.

ग्रॅहमने हेलन्सव्हिलहून एका साध्या बीटलची चेसिस आणलीय, १९५६ची. चहाच्या वेळी म्हणाला, नंबराची पट्टी कापून हिच्यात बसवू. “ती गाडी तीच आहे, मेट. आत्मा तोच.” तो वाईट माणूस नाही. दहा महिने दोघांचे हात या गाडीत अडकणार, आणि मूळ चेसिस नाही म्हटलं तर ब्रायन गाडी घेणार नाही.

माझा वेल्ड त्याच्यापेक्षा साफ असतो. म्हणून मी केलं. घासलं, लेव्हल केलं, प्रायमर मारला. शोधूनही सापडणार नाही. काम चांगलं झालं की मला बरं वाटतं, आज मात्र नुसतं थकल्यासारखं झालं.

शनिवार, २१ मे

बुद्धपौर्णिमा. माउंट रॉस्किलला भाड्याचा हॉल, दीडशे माणसं, खुर्च्या कमी पडल्या. चारुदत्त हा इथल्या आमच्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी. त्याला वाटलं बाबांचा मान करावा, त्याने पंचशील सांगायला त्यांनाच स्टेजवर बोलावलं. मी मान हलवून नाही म्हणत होतो, पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

तिसऱ्यानंतर बाबा थांबले. माइकवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. पुढच्या रांगेतल्या बायकांना वाटलं गळा भरून आला, त्यांनी आपणहून चौथं म्हटलं, मग सगळा हॉल म्हणाला. बाबा ओठ मिटून उभे. पाचवं मात्र खणखणीत.

सुरभीने माझा हात दाबला. गाडीत तिने विषय काढलाच. “डॉक्टरला दाखव. माझी आजी अशीच सुरू झाली होती.”

बुधवार, २२ जून

दाखवलं. स्मरणशक्तीची चाचणी. दुभाषी म्हणून मीच. घड्याळाचं चित्र काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करा. बाबांनी वजाबाकी दोनपर्यंत नेली आणि विचारलं, अजून खाली जाऊ का? पाचही शब्द उलट्या क्रमाने सांगितले. वर १९७४ साली भरती झाले तेव्हा पहिल्या जीपचा नंबर काय होता, तोही. डॉक्टरीण म्हणाली, माझ्यापेक्षा यांची मेमरी बरी आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मग चौथं शीलच का विसरतात? मी तिला हे विचारलं नाही. कसं सांगणार होतो इंग्रजीत?

शनिवार, ३० जुलै

इंजिन चालू झालं! स्टार्टर एकदाच दाबला आणि गाडी पहिल्या सेलला सुरू झाली. गोठ्यात कोंबड्यांखाली चाळीस वर्षं काढलेली गाडी पहिल्या सेलला! ग्रॅहमने मला मिठी मारली, त्याच्या दाढीला कार्बोरेटरचा वास. सुरभी आणि जुईला मुद्दाम बोलावलं होतं, बाबाही आले होते. जुईने निळ्या दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला, ती किंचाळली.

मी ओरडून बाबांना सांगितलं, “बघा, पहिल्या सेलला!”

त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि बाहेर गेले. धूर फार झाला होता. शटर आधीच उघडायला हवं होतं, चूक माझीच.

शनिवार, १३ ऑगस्ट

आज बाबा आपणहून म्हणाले, वर्कशॉपला येतो. मी हूडची बटणं लावत होतो. मागची सीट अजून नुसती टेकवलेली होती. मान वर केली तर त्यांनी सीट उचलून बाजूला ठेवली होती आणि गुडघ्यावर बसून बोगद्यावरून अंगठा फिरवत होते. नखाने, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“हा नंबर इथला नाही,” म्हणाले.

मी म्हटलं, मूळच आहे.

“चोरीच्या जीपा आमच्याच यार्डात यायच्या. पंचनाम्याला साहेब मलाच बोलवायचे. पट्टी बसवली की रंग कितीही मारा, बोटाला कळतं.”

“बाबा, तो जर्मन पत्रा आहे. तेव्हा तसेच बनायचे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सीट होती तशी ठेवली, गुडघे झाडले. त्यांना काही पटलं नसावं, पण कळणार तरी कसं, सहासष्ट वर्षांचं बोट ते.

असं लिहून मला काय मिळतंय? त्यांना कळलं आहे.

सोमवार, २९ ऑगस्ट

ब्रायन पुढच्या सोमवारी येतोय. गाडीबरोबर फाईल द्यायची असते, फोटो आणि कामाची यादी. पहिल्या पानावर ग्रॅहमने टाइप करून ठेवलंय: चेसिस मूळ, नंबर मूळ. खाली काम करणाऱ्याचं नाव आणि सही. माझी. “काम तू केलंस, मान तुझा,” म्हणाला.

शुक्रवार, २ सप्टेंबर

ग्रॅहमला अडुसष्टावं लागलंय. आज त्याने सांगितलं, ही गाडी गेली की तो थांबणार. वर्कशॉप मी चालवायचं, नाव हवं तर बदलायचं. आठ वर्षं मी हेच ऐकायची वाट बघत होतो.

फाईल बॅगेत आहे. वीकेंडला सही करून आण म्हणाला. “स्वीट ॲज?” म्हणजे, ठीक ना? मी मान डोलावली.

सुरभीला वर्कशॉपचं सांगितलं, फाईलचं नाही. ती इतकी खूश झाली की भांडी घासताना गुणगुणत होती.

रविवार, ४ सप्टेंबर

इथला फादर्स डे. जुईने दोन कार्डं केली होती, एक मला, एक आजोबांना. त्यांच्या कार्डावर हिरवी गाडी, निळा दिवा आणि मागे बसलेला मिशीवाला माणूस. बाबा बराच वेळ त्याकडे बघत राहिले.

दुपारी सुरभी जुईला पोहायला घेऊन गेली. टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, सापडेनात म्हणून आधी अर्धा तास आरडाओरडा. त्या दोघी गेल्यावर मी फाईल डायनिंग टेबलवर काढली. पेन घेतलं. बाबा समोर शेंगा सोलत बसले होते. त्यांना इंग्रजी वाचता येतं, हे मी विसरतो. ड्रायव्हरला आदेश वाचावे लागतात.

“सही तुझी लागती?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नुसता कागद आहे.

“लॉगबुकपण कागदच असतं.” शेंगा बाजूला सारल्या. मग जे बोलले ते तसंच लिहितो, कारण मी ते विसरता कामा नये.

“अठ्ठ्याहत्तर साल. दंगलीचे दिवस. आमच्या ठाण्याला दुपारी फोन आला, नऊ किलोमीटरवरच्या गावात वस्ती पेटवलीय म्हणून. आपली वस्ती. मी जीप काढली. प्लग सकाळीच बदलले होते, गाडी एकदम फिट. साहेब व्हरांड्यात आले. म्हणाले, तात्याराव, लॉगबुकात लिही, गाडी नादुरुस्त. मी म्हटलं साहेब, चालू आहे. ते म्हणाले, लिही. मी लिहिलं. वेळ टाकली, तीन वाजून दहा मिनिटं. सही केली.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जीपनं पंचनाम्याला गेलो. पहिल्या सेलला सुरू झाली. सात घरं जळलेली. एक म्हातारी आतच राहिली होती. तिच्या लेकानं मला बघितलं, छातीवरची नेमप्लेट बघितली, आडनाव बघितलं. मला म्हणाला, तुम्ही तर आपले. काल कुठं होता? मी म्हटलं, गाडी बंद होती.”

बाहेर शेजाऱ्याचं लॉनमोअर चालू होतं. बाबांनी हात टेबलावर पालथे ठेवले होते.

“तुम्हाला नोकरीवरून काढलं असतं,” मी म्हटलं.

“काढलं असतं. तेव्हा तू नव्हतास, तुझी आई होती, भाकरीची चिंता होती. हे सगळं मी स्वतःला अडतीस वर्षं सांगितलंय. खरंच आहे ते. पण चौथ्याला आलं की जीभ हलत नाही.”

मग मला एक कळलं आणि मी विचारलंच. इतकी वर्षं आम्ही घरी वंदना घेत होतो, तुमचं चौथं गळतंय हे मला कधी कसं कळलं नाही?

“तुझी आई म्हणायची. माझ्या वाटचं. मोठ्यानं.”

लहानपणी मला आईची लाज वाटायची. चार माणसांत एवढ्या मोठ्याने काय म्हणते, असं वाटायचं. मी तिला एकदा तसं बोललोही होतो, परभणीच्या विहारात, सगळ्यांसमोर. ती हसली होती फक्त. मला आज ढसाढसा रडू आलं, आणि बाबांनी उठून माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

सही कर किंवा करू नको, असं काहीच म्हणाले नाहीत. परत शेंगा सोलायला लागले.

सोमवार, ५ सप्टेंबर

साडेसातला पोचलो. ब्रायन दहाला येणार होता. ग्रॅहमसमोरच फाईल उघडली, टाइप केलेली ओळ खोडली आणि हाताने लिहिलं: चेसिस १९५६ची, नंबराची पट्टी जुन्या चेसिसवरून कापून मी जोडली आहे. तारीख टाकली, सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

ग्रॅहमने वाचलं. ओरडला नाही. किटली लावली, दोन कप काढले, मग एक परत ठेवला. “तुला मी स्टार्ट दिला, मेट,” एवढंच म्हणाला. त्याचं खरंच आहे.

ते पान फाडून टाकायला त्याच्याजवळ दोन तास होते. त्याने फाडलं नाही, हेही लिहून ठेवतो.

ब्रायनने पान वाचलं, सीट उचलली, गुडघ्यावर बसला. त्याला काहीच दिसलं नाही, मला बोट ठेवून दाखवावं लागलं. “चांगलं काम आहे,” म्हणाला. हात मिळवला आणि रिकामा ट्रेलर घेऊन पोरिरुआला परत गेला.

शनिवार, १० सप्टेंबर

माझी हत्यारं घरी आणली. तीन फेऱ्या. सुरभीशी दोन दिवस बोलाचाली बंद होती. आधी सांगितलं असतंस तर मीही हेच म्हटलं असतं, असं तिचं म्हणणं. मग राग कसला? न सांगितल्याचा, म्हणे. बरोबर आहे तिचं. ही वही तिला वाचायला दिली. वाचून झाल्यावर ती बाबांच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गाडी वर्कशॉपमध्येच आहे, चादरीखाली. मला तिची आठवण येते.

सोमवार, ३ ऑक्टोबर

बस डेपोत लागलो. मेकॅनिक. जुन्या गाड्यांचं काम नाही, सगळ्या एकसारख्या बसेस, ऑइल आणि ब्रेक. कंटाळवाणं आहे. संध्याकाळी प्रत्येक बसचं शीट भरायचं: चालू किंवा बंद. सतरा चालू, दोन बंद. दोनदा तपासून लिहिलं. बाबांनी विचारलं, मी आकडे सांगितले.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाबांचं तिकीट पुढच्या बुधवारचं आहे. व्हिसा वाढवू म्हटलं तर नको म्हणाले. परभणीला पोचले की आधी त्या गावाला जाणार आहेत. त्या म्हातारीचा लेक असेल तर भेटणार. काय बोलणार, मी विचारलं नाही.

सकाळी वंदना घेतली. सुरभी डाव्या हाताला, जुई माझ्यापुढे, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. बाबा सांगत होते. पहिलं, दुसरं, तिसरं. थांबले. या वेळी मी आठवण केली नाही, जुईनेही डोळे उघडले नाहीत. आम्ही सगळे थांबलो. मेणबत्ती जळत होती आणि खाली रस्त्यावरून शाळेची बस गेली.

मग बाबा माझ्याकडे वळले.

“तू म्हण, नागसेन. तुला म्हणता येतं.”

मी म्हटलं. मोठ्याने, आई म्हणायची तसं.